एकच चुनखडी, शेजारच्या दोन विहिरी: एकीत तेल आणि दुसरीत पाणी का?

भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "मुंबई हायसारख्या चुनखडीच्या साठ्यांत सच्छिद्रता चांगली असते असं वाचतो. मग एकाच थरात, एकमेकींच्या शेजारी खणलेल्या दोन विहिरींपैकी एक वर्षानुवर्षं तेल देते आणि दुसरी लवकरच पाणी द्यायला लागते, असं का होतं? चुनखडीतला तेलसाठा चांगला की वाईट हे कोणते भूशास्त्रीय घटक ठरवतात? आणि याच विषयावरच्या माझ्या प्रकल्पासाठी मी काय करू?"

पश्चिम किनाऱ्यावरच्या चुनखडीचे कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेले खडकाचे दंडगोल, बघण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो. सच्छिद्रता म्हणजे खडकात पोकळी किती, आणि पार्यता म्हणजे त्या पोकळ्यांमधून द्रव किती सहज वाहतो. वालुकाश्मात या दोन गोष्टी साधारण हातात हात घालून चालतात, चुनखडीत चालत नाहीत. फुगलेल्या पुरीत पोकळी भरपूर असते, पण आत-बाहेर जायला वाट नसते. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीतून मात्र पाणी आरपार जातं. चुनखडीत हे दोन्ही प्रकार एकाच कोअरमध्ये, वीतभर अंतरावर सापडतात. कुठे पुरी होणार आणि कुठे जाळी, हे बरंचसं खडक तयार झाल्यानंतर त्यातून कुठलं पाणी किती काळ फिरलं यावर ठरतं. मी सगळं उत्तर याच मुद्द्याभोवती देणार आहे, कारण पाठ्यपुस्तकात हा मुद्दा दहा घटकांपैकी एक म्हणून येतो आणि विद्यार्थ्याच्या हातून निसटतो.

आधी जन्माची गोष्ट. वाळू डोंगरातून येते, नदी तिला वाहून आणते, समुद्र पसरवतो. चुनखडी मात्र बहुतेक वेळा जिथे सापडते तिथेच घडलेली असते. प्रवाळ, शैवाल, शिंपले, फोरामिनिफेरा हे जीव समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन आपली कवचं बांधतात आणि मेल्यावर त्यांचाच ढीग साचतो. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करत, तो याच पदार्थाचा. या जीवांना उबदार, उथळ आणि नितळ पाणी लागतं. त्यातला 'नितळ' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. नदीचा गाळ आला की पाणी गढूळ होतं, उजेड आत शिरत नाही आणि चुन्याचा हा कारखाना बंद पडतो.

मुंबई हायच्या बाबतीत हेच निर्णायक ठरलं. मुंबईच्या पश्चिम-वायव्येला सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर पाण्याखाली हा उंचवटा आहे. त्याच्या पायथ्याशी प्राचीन ग्रॅनाइट-नीस आणि दख्खनचा बेसाल्ट आहे. ईशान्येकडच्या सुरत खोलगटात त्या काळी मुख्य भूमीवरून येणारा गाळ साचत होता. तिथे शेल, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाचा पापुद्र्यांचा खडक, आणि वाळू मिळते. उंचवट्यावर मात्र तो गाळ फारसा चढला नाही आणि मायोसीन काळाच्या सुरुवातीला, म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, तिथे चुनखडीचे थरांवर थर साचत गेले. त्यांतला मुख्य थर म्हणजे एल-थ्री. मधूनमधून गाळाची एखादी लाट तिथपर्यंत पोहोचली, म्हणून या चुनखडीत शेलचे पातळ पापुद्रे आहेत. ते जाडीने किरकोळ असले तरी वरचं आणि खालचं तेल वेगळं ठेवण्याची ताकद त्यांच्यात आहे. त्यामुळे एल-थ्री हा एक साठा न समजता एकावर एक रचलेल्या अनेक साठ्यांची चळत समजावी.

या भागातल्या थरांची नावं वाचताना मला अजूनही बरं वाटतं: बसीन, म्हणजे आपली वसई, शिवाय अलिबाग, रत्नागिरी, बांद्रा, माहीम, चिंचिणी. समुद्राच्या तळाखालचा भूगोलही कोकणच्याच नावांनी ओळखला जातो. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात खोदकाम करणाऱ्या रिगवरून मुंबई हायला तेल सापडलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि पुढे एक रुपयाच्या नोटेवर त्याच सागर सम्राटचं चित्र आलं. जुनी नोट घरात असेल तर जरूर बघा.

आता खडकाचा पोत. रॉबर्ट डनहॅम यांनी १९६२ मध्ये दिलेलं वर्गीकरण आजही रोज वापरतो, कारण ते एकच प्रश्न विचारतं: कणांना कण टेकलेले आहेत, की कण चुन्याच्या चिखलात तरंगत आहेत? लाटांचा मारा असेल तिथे बारीक चिखल धुऊन जातो आणि स्वच्छ कणांचा ग्रेनस्टोन तयार होतो. लाटा पोहोचत नाहीत अशा शांत खाजणात चिखल साठतो आणि मडस्टोन किंवा वॅकस्टोन मिळतो. ग्रेनस्टोन कसा दिसतो हे मुंबईतच पाहता येतं. शहरातल्या जुन्या गॉथिक इमारतींच्या कोरीवकामात पोरबंदरचा दगड वापरलेला आहे. तो सौराष्ट्रातला मिलिओलाइट चुनखडक, वयाने अगदी कोवळा. एखाद्या खांबाजवळ भिंग धरलंत तर गोलसर कण आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या फटी दिसतील.

पण इथेच पहिली चूक होते. ग्रेनस्टोन म्हणजे चांगला साठा आणि मडस्टोन म्हणजे वाईट, असं समजून नकाशे काढले जातात. ताज्या चुन्याच्या गाळात सच्छिद्रता ४० ते ७० टक्के असते. कोट्यवधी वर्षांनी साठ्याच्या खडकात ती साधारण ५ ते १५ टक्क्यांवर आलेली असते. अपवाद आहेत, एल-थ्रीचे चांगले पट्टेही त्यांत मोडतात. जन्माच्या वेळची बहुतेक पोकळी नाहीशी झाली आणि आज आपण मोजतो त्यातली बरीचशी नंतर नव्याने तयार झाली, तर जन्माचा पोत उरलेल्या गोष्टीबद्दल किती सांगणार? सुरुवात तो सांगतो. पुढचं पाणी ठरवतं.

समुद्राची पातळी उतरली की उथळ पाण्यातली चुनखडी उघडी पडते आणि तिच्यावर पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो, म्हणजे ते सौम्य आम्ल असतं. ते चुना विरघळवतं. ॲरागोनाइट आणि कॅल्साइट ही कॅल्शियम कार्बोनेटचीच दोन स्फटिकरूपं. अनेक जीवांची कवचं ॲरागोनाइटची असतात, आणि गोड्या पाण्यात ॲरागोनाइट कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतो. शिंपला विरघळून जातो, त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. हाच चुना पाण्याबरोबर थोडं पुढे जाऊन दुसऱ्या फटीत कॅल्साइट म्हणून बसतो. बोअरचं जड पाणी तापवणाऱ्या बंबात जसा क्षार बसतो आणि तोटी बारीक होत जाते, अगदी तसंच. म्हणजे एकाच पाण्याने एका जागी पोकळी खणली आणि दुसऱ्या जागी वाट बुजवली. ज्या ठिकाणी शिंपले विरघळले पण मधल्या फटी बुजल्या, तिथे सच्छिद्रता २० टक्के येऊनही तेल हलत नाही. तीच फुगलेली पुरी. उघडं राहणं लांबलं तर पाणी फटी रुंदावत नेतं, पोकळ्या एकमेकींना मिळतात आणि कार्स्ट तयार होतो, कधीकधी गुहांपर्यंत.

अंटार्क्टिकावर बर्फ साठू आणि वितळू लागल्यापासून जगभरच्या समुद्राची पातळी वारंवार खाली-वर होत आली आहे. मायोसीनमधल्या एल-थ्रीने हे चढउतार अनुभवले आहेत. थर साचला, उघडा पडला, धुतला गेला, पुन्हा बुडाला. प्रत्येक वेळी उघड्या पडलेल्या पृष्ठभागाखाली विरघळीचा एक पट्टा राहिला. समुद्रातल्या वसई वायूक्षेत्रातला इओसीन काळातला चुनखडक, वयाने चार-साडेचार कोटी वर्षांचा, याचं मोठं उदाहरण. त्याच्या माथ्यावर गाळ साचण्यात मोठा खंड पडलेला आहे, त्या काळात तो उघडा पडून झिजला, आणि तिथला वायू त्या झिजलेल्या, भोकाभोकांच्या माथ्याजवळ मिळतो.

तुमच्या दोन विहिरींचं उत्तर याच पट्ट्यांत आहे. एका विहिरीत तीस मीटर जाडीच्या भागातून तेल येतंय असं आम्ही धरून चाललो होतो. लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या मोजणीच्या आलेखावर, सगळा भाग सारखाच चांगला दिसत होता. प्रवाह नेमका कुठून येतो ते मोजणारा प्रोडक्शन लॉग घेतल्यावर कळलं, जवळजवळ सगळा प्रवाह दीड मीटरच्या एका पट्ट्यातून होता. बाकीच्या खडकात तेल होतं, पण ते तिथेच बसून होतं. पुढे दाब टिकवण्यासाठी बाजूच्या विहिरीतून समुद्राचं पाणी सोडलं गेलं आणि त्या पाण्यानेही तीच सोपी वाट धरली. विहीर पाण्यावर गेली, आणि वरखालच्या खडकातलं तेल मागे राहिलं. आम्ही पार्यतेची सरासरी काढून मॉडेलमध्ये भरली होती. सरासरी काढताना तो दीड मीटर हरवला. चूक आमचीच होती, कारण कोअरच्या पेटीत तो पट्टा डोळ्यांना दिसत होता: बोट जाईल एवढी भोकं, आणि तिथेच कोअरचे तुकडे झालेले. शेजारच्या विहिरीत त्याच पातळीवर तो पट्टा कॅल्साइटने बुजलेला होता. तिथे तेल हळू यायचं, पण पाणीही उशिरा आलं.

हे मुंबई हायपुरतं नाही. सौदी अरेबियातलं घावर हे जगातलं सर्वांत मोठं पारंपरिक तेलक्षेत्र, १९४८ मध्ये सापडलेलं, सुमारे २८० किलोमीटर लांब. तिथल्या अरब-डी या जुरासिक चुनखडीतही असे पातळ, अतिशय वाहते पट्टे आहेत आणि पाणी कुठून घुसणार हे तेच ठरवतात. त्यांत डोलोमाइटचा आणि भेगांचा मोठा वाटा आहे. म्हणून या दोन घटकांबद्दल थोडं बोलतो.

मॅग्नेशियमयुक्त पाणी चुनखडीतून फिरत राहिलं की कॅल्साइटची जागा डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट, घेतो. बाहेरून चुना आला नाही, फक्त निम्म्या कॅल्शियमची जागा मॅग्नेशियमने घेतली, तर घन भागाचं आकारमान सुमारे १३ टक्क्यांनी घटतं. यावरून 'डोलोमाइट झालं की सच्छिद्रता वाढते' असं सरधोपट विधान केलं जातं. प्रत्यक्षात पाणी बहुतेक वेळा बाहेरून कार्बोनेटही आणतं आणि पोकळी भरूनही टाकतं. डोलोमाइटचा खरा फायदा मला दुसरा वाटतो. तो कॅल्साइटपेक्षा टणक असतो, खोल गाडला गेल्यावर दाबाखाली तितका विरघळत नाही, म्हणून असलेल्या वाटा टिकवून धरतो. शिवाय चिखलाच्या खडकाचं स्फटिकी, साखरेसारखं दाणेदार रूपांतर झालं तर जो मडस्टोन आपण नकाशावर टाकाऊ म्हणून रंगवला होता तोच वाहता होतो. लॉग वाचताना एक काळजी घ्या: कॅल्साइटची घनता २.७१ आणि डोलोमाइटची २.८७ आहे. डोलोमाइटला चुनखडी समजून हिशेब केला तर घनतेच्या लॉगवरून सच्छिद्रता खऱ्यापेक्षा कमी येते आणि चांगला पट्टा हातचा जातो.

भेगांचं गणित वेगळं. भेगेतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट. त्यामुळे केसाएवढ्या भेगांनी खडकाच्या सच्छिद्रतेत एक टक्काही भर पडत नाही, पण विहिरीचं नशीब बदलतं. इराणमधल्या झाग्रोस पर्वताच्या वळ्यांतली असमारी चुनखडी याचं जुनं उदाहरण. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं ते याच चुनखडीत. खडकाच्या अंगात तेल धरून ठेवलेलं आणि भेगांनी ते विहिरीपर्यंत आणलेलं. मुंबई हायमध्ये तर चुनखडीखालच्या तळखडकातही भेगांमध्ये तेल मिळालं आहे. ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवला जाणारा चिखल, म्हणजे मड, अचानक कमी होऊ लागला की आम्ही सावध व्हायचो, कारण खाली भेग तरी आहे किंवा कार्स्टची पोकळी तरी. ड्रिलरसाठी ते संकट असतं, भूशास्त्रज्ञासाठी ती त्या विहिरीतली सगळ्यात मोलाची नोंद असते. ती नोंद खोलीसह लिहून ठेवा.

उत्तर समुद्रातल्या एकोफिस्कचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६९ मध्ये सापडलेलं हे नॉर्वेचं क्षेत्र खडूचं आहे. सूक्ष्म शैवालांच्या चकत्यांपासून झालेला अतिशय बारीक चुना. सुमारे तीन किलोमीटर खोल असूनही तिथे ३० ते ४० टक्के सच्छिद्रता टिकून आहे, कारण रंध्रांतल्या द्रवाचा दाब जास्त असल्याने वरच्या थरांचं ओझं सांगाड्यावर पूर्ण पडलं नाही. तेल काढलं, दाब उतरला आणि सांगाडा दबू लागला. १९८४ मध्ये लक्षात आलं की समुद्रतळच खचतोय, आणि १९८७ मध्ये अख्खे प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर उचलावे लागले. खडकाच्या पोकळ्या कशाच्या आधारावर उघड्या आहेत, हा प्रश्न विचारायची सवय मला या उदाहरणाने लावली.

आणखी दोन गोष्टी पुस्तकात 'इंजिनिअरिंग' म्हणून वेगळ्या ठेवतात, पण त्यांचं मूळ खडकात आहे. एक, चुनखडीच्या पृष्ठभागाला तेल वालुकाश्मापेक्षा जास्त चिकटतं. अशा खडकात सोडलेलं पाणी मोठ्या वाटांनी निघून जातं, बारीक रंध्रांत शिरून तिथलं तेल बाहेर ढकलत नाही. दोन, गस आर्ची यांचं १९४२ चं सूत्र. त्यावरून आपण विद्युतरोध मोजून खडकात पाणी किती आणि तेल किती याचा अंदाज घेतो. ते मुळात वालुकाश्मावरून आलं आहे आणि त्यातला घातांक सवयीने २ धरला जातो. तुटक पोकळ्यांच्या चुनखडीत तो ३ पर्यंत जाऊ शकतो. २ धरून हिशेब केलात तर कागदावर तेल दिसेल आणि चाचणीत पाणी येईल. तुमच्या प्रश्नातली दुसरी विहीर अशीही असू शकते, म्हणजे तिथे आधीपासूनच तेवढं तेल नव्हतं.

तेल कुठून आलं आणि वर का थांबलं, हे तुलनेने सोपं आहे. मुंबई हायच्या भोवतालच्या खोलगटांत पन्ना थराचे सेंद्रिय द्रव्याने भरलेले शेल आहेत. ते गाडले जाऊन तापले आणि तेल उंचवट्याकडे सरकलं. वर झाकण म्हणून शेल आहे. मायोसीनच्या मध्यानंतर चिखल या उंचवट्यावरही पसरला आणि चुन्याचा कारखाना कायमचा बंद झाला. ज्या गाळाने चुनखडीची वाढ संपवली त्यानेच तेल आत धरून ठेवलं, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते. वेळेचा मुद्दा तेवढा लक्षात ठेवा. तेल लवकर शिरलं तर पाण्याची ये-जा कमी होते आणि पुढचं कॅल्साइट बसणं मंदावतं. अनेक क्षेत्रांत तेल-पाणी सीमेच्या वरचा खडक खालच्यापेक्षा मोकळा आढळतो, त्याचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं. त्यावर अजून वाद आहे. माझा कल ते बऱ्याच ठिकाणी खरं असावं, असं मानण्याकडे आहे.

प्रकल्पासाठी काय करू, असंही तुम्ही विचारलं आहे. लॉगच्या आधी कोअर बघा. कोरडा बघा, मग ओला करून बघा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट खरवडून भुकटी केल्याशिवाय फारसा फसफसत नाही. पातळ काप करताना निळा रेझिन भरून घ्या, म्हणजे पोकळ्या निळ्या दिसतील. मग प्रत्येक पोकळीला विचारा: कणांमधली आहे की कणाच्या आतली, जन्मतः होती की विरघळून झाली, शेजारच्या पोकळीला जोडलेली आहे का? कॅल्साइटचे किती थर बसले आणि कुठल्या क्रमाने, हे वहीत चित्र काढून लिहा. उघड्या पडलेल्या पृष्ठभागांच्या खुणा शोधा, म्हणजे लालसर माती, मुळांच्या नळ्या, झिजलेली कड. त्या सापडल्या की वाहता पट्टा साधारण किती खाली असेल आणि शेजारच्या विहिरीत तो कुठे शोधायचा हे सांगता येतं.

आणि शक्य असेल तर सुट्टीत पश्चिम कच्छला जा. लखपतच्या बाजूला फुलरा चुनखडक उघड्यावर आहे, वसईच्या चुनखडीच्याच इओसीन काळातला. न्युम्युलाइट्स या मोठ्या फोरामिनिफेरांची नाण्यांसारखी कवचं हाताने वेचता येतील इतकी आहेत. तिथून थोडं पुढे इओसीननंतरच्या ऑलिगोसीन काळातले प्रवाळ दिसतात. एका उघड्या कड्यासमोर उभे राहा, बाटलीतलं पाणी खडकावर दर वीतभर अंतराने थेंब थेंब टाकत जा आणि कुठे थेंब लगेच मुरतो, कुठे तसाच राहतो याच्या खुणा खडूने करा. संध्याकाळी त्या खुणांचं चित्र वहीत उतरवा, आणि परत आल्यावर तुमच्या दोन विहिरींच्या लॉगशेजारी ठेवून बघा.